चौकशी खिडकी : नटीची खोली केवढ्याला?

मागच्या अंकात मोटेलमधल्या नाइट ऑडिटबद्दल, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याबद्दल, लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं. मूकपटांच्या काळातली नटी क्लारा बो मोहावे वाळवंटातल्या ज्या हॉटेलात उतरायची, तिथे मी एक रात्र काढली आहे, एवढंच. नाइट ऑडिटचं सगळं राहिलं बाजूला आणि टपाल आलं ते त्या एका वाक्यावर. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : मी मूळची करमाळ्याची, माळवदी घरात वाढलेली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी पट्ट्यातल्या लहान मोटेलांच्या वह्या बावीस वर्षं लिहिल्या, रात्री दोनला दिवसाचा गल्ला बंद केला. वकील नाही, ब्रोकर तर नाहीच.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अर्व्हाइनला असतो. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून वाळवंटातलं एक जुनं इन, म्हणजे छोटं हॉटेल, विकत घ्यायचं म्हणतात. १९३० च्या दशकातली मातीच्या भिंतींची इमारत, ११ खोल्या, मध्ये पोहण्याचा तलाव. किंमत २४ लाख डॉलर. ब्रोकरच्या पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय की हॉलिवूडचे नट-नटी क्लार्क गेबल आणि कॅरोल लोम्बार्ड मधुचंद्राला इथे राहिले होते. वर्षाचा गल्ला ३,१०,००० डॉलर, खर्च जाऊन शिल्लक ९३,०००. मुलगा म्हणतो, अशी जागा पुन्हा मिळत नाही. आमची निवृत्तीची पुंजी त्यात घालू का? पत्रक सोबत जोडलं आहे.
निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, (आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला मी दुसरं काही म्हणू शकत नाही) पत्रक तीनदा वाचलं. आधी त्या मधुचंद्राचं मिटवून टाकू.

गेबल आणि लोम्बार्ड यांचं लग्न २९ मार्च १९३९ ला ॲरिझोनातल्या किंगमन गावी झालं. हे कागदोपत्री आहे. गेबलचं तेव्हा चित्रीकरण चालू होतं, मधल्या सुटीत दोघं गाडीनं गेली, लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसला परत येऊन पत्रकारांसमोर उभी राहिली. आता गंमत बघा. ॲरिझोनातलं ओटमन हॉटेल म्हणतं, मधुचंद्र आमच्याकडे. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक इनचीही तीच कथा. पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावातलं विलोज हॉटेल म्हणतं, त्यातला काही भाग आमच्याकडे. तुमच्या मुलाचं इन चौथं. एवढ्या ठिकाणी मधुचंद्र करायचा तर त्या बिचाऱ्यांना चित्रीकरण सोडून वर्षभर रजा काढावी लागली असती.

खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. नटनट्या वाळवंटात खरंच येत. स्टुडिओपासून दोन-अडीच तासांवर ऊन, एकांत, पत्रकार नाहीत. पण कोण कुठे कधी उतरलं याचा पुरावा एकच, गेस्ट रजिस्टर. तारीख, सही, खोली क्रमांक. मुलाला सांगा, त्या पानाचा फोटो माग. पान असेल तर त्याला किंमत आहे, आणि ते रजिस्टर विक्रीत धरलंय का तेही खरेदीखतात लिहून घे. नाहीतर मालक जाताना वही घरी नेतो आणि तुमच्याकडे उरते भिंतीवरची फ्रेम, ती कुठेही पंधरा डॉलरला मिळते.

आता हिशेब. ११ खोल्या गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला ४,०१५ रात्री विकायला. पत्रकात भाडं सरासरी १८० डॉलर दिलंय. ३,१०,००० ला १८० नं भागलं की १,७२२ रात्री. म्हणजे शंभरातल्या ५७ रात्री खोली रिकामी जाते. वाळवंटात हे नवल नाही. ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्जचा पारा ५१ अंशांवर गेला होता. तिथली जुनी हॉटेलं तर उन्हाळाभर सरळ दारं बंद करून बसत. म्हणून वर्षाची बेरीज घेऊ नका, गेल्या ३६ महिन्यांचे महिनावार आकडे मागा. डिसेंबर ते एप्रिलचा गल्ला ऑगस्टला पुरतो का, ते त्यात दिसतं.

पत्रकात मालमत्ता कर ६,१०० डॉलर लिहिलाय. तो जुन्या मालकाचा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रोपोझिशन १३ नुसार कर खरेदीच्या वेळच्या किमतीवर साधारण १ टक्का बसतो, आणि पुढे ती आकारणी वर्षाला फार तर २ टक्के वाढते. हे गृहस्थ चाळीस वर्षं मालक आहेत, म्हणून ६,१००. मालक बदलला की नवी आकारणी. २४ लाखांवर १ टक्का म्हणजे २४,०००, वर स्थानिक भर वेगळी. तुमच्या ९३,००० चे झाले ७५,०००.

पुढची ओळ पगारांची. त्यात दोन सफाई कामगार आहेत, काउंटरवर कोणीच नाही. कारण काउंटरवर मालक-मालकीण स्वतः बसतात आणि आपला पगार कोण लिहितो? तुमचा मुलगा नोकरी सोडणार नाहीये. २०२५ साली कॅलिफोर्नियात किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. आठवड्याला ४० तासांचा एकच माणूस ठेवला तरी वर्षाला ३४,३२० डॉलर, आणि इन आठवड्याला १६८ तास उघडं असतं. तरी एकच धरू. राहिले ४१,००० च्या आत. तिघांनी ३५ टक्के रोख घातले तर कर्ज १५,६०,००० डॉलर. ७ टक्क्यांनी नुसतं व्याज १,०९,२०० डॉलर. मुद्दल वेगळं.

बाई, तुमच्या वर्गातली पाचवीची मुलगीसुद्धा सांगेल की हे गणित बसत नाही. पुंजी घालू नका. मुलाला राग येईल, येऊ दे.

ब्रोकरचीच ९३,००० ची शिल्लक खरी धरली आणि गुंतवणुकीवर ८ टक्के अपेक्षा ठेवली, तरी ती जागा साडेअकरा लाखांच्या आसपासची. वरचे बारा लाख गेबलसाहेबांचे. ते इमारतीत कुठेच नाहीत, बँक त्यावर कर्ज देत नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिसतीलच असं नाही. मी ज्या हॉटेलाचा उल्लेख केला होता ते निप्टनचं. पाच-सहा खोल्या, वीसेक माणसांची वस्ती. ते अख्खं गाव हॉटेलासकट २०१७ मध्ये गांजाच्या धंद्यातल्या एका कंपनीनं ५० लाख डॉलरला घेतलं. त्यांचा बेत फसला. २०२२ मध्ये तेच गाव, तेच हॉटेल, तीच क्लारा बो लास व्हेगासच्या एका सर्कसवाल्या कंपनीला २५ लाखांना गेली. पाच वर्षांत निम्मी किंमत, आणि बिचारी क्लारा १९६५ मध्येच वारलेली, तिनं मधल्या काळात काही केलं नव्हतं. रूट ६६ या जुन्या हमरस्त्यावरचं ॲम्बॉय गाव, ते प्रसिद्ध पाटीवालं मोटेल आणि पेट्रोल पंप धरून, २००५ मध्ये ४,२५,००० डॉलरला विकलं गेलं. तिथे रोख मोजणारा माणूस कोंबडीच्या हॉटेलांवर कमावलेला होता, त्याला ॲम्बॉयमधून पोट भरायचं नव्हतं. असे हौशी मालक असतात. तुमचा मुलगा त्यातला नाही.

आता जे पत्रकात एका शब्दानंही नाही ते : पाणी. जागा गावाच्या नळाच्या बाहेर आहे, हे मी नकाशावरून बघितलं. म्हणजे बोअर. वर्षातले ६० दिवस २५ किंवा जास्त माणसांना पाणी पाजणारी जागा कायद्यानं सार्वजनिक पाणीपुरवठा यंत्रणा ठरते. तिला परवाना लागतो, जंतूंच्या आणि नायट्रेटच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्या लागतात. ११ खोल्या, तलाव आणि झाडझाडोरा असताना बोअर मिनिटाला किती गॅलन देते, दहा वर्षांपूर्वी किती द्यायची, पातळी किती फूट उतरली, हे कागद आधी. मैल्याची टाकी आणि तिचं शोषक शेत (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायची जागा) किती खोल्यांसाठी मंजूर आहे, तेही. मी ज्या मोटेलात सर्वात जास्त वर्षं काढली, तिथल्या नव्या मालकानं सहा खोल्या वाढवल्या, टाकी तीच ठेवली. ईस्टरच्या सुटीत, हॉटेल भरलेलं असताना, ती उलटली. मी त्या रात्री काउंटरवर होते. पुढचं सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

मातीच्या भिंतींबद्दल मात्र मला आपुलकीनं बोलता येतं. इथे ज्याला अडोबी म्हणतात ती आपली उन्हात वाळवलेली कच्ची वीट, माती आणि काड. फर्नेस क्रीक इन १९२७ मध्ये उघडलं, तिथल्या विटा टिंबिशा शोशोनी जमातीच्या माणसांनी पाडल्या. दोन फूट भिंत, आत गारवा, अगदी आमच्या करमाळ्याच्या घरासारखी. तिचे दोन वैरी : तळाला चढणारी ओल आणि वरून मारलेलं सिमेंट. कोणा हौशी मालकानं मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, लोणा धरतो, आणि बाहेरून झकपक दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. तलावाच्या बाजूची भिंत जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकून बघायला सांगा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. शिवाय हा भूकंपाचा मुलूख, कच्च्या विटेला पोलादाचा आधार दिलाय का ते इंजिनिअरकडून लिहून घ्यायचं.

जुनेपणाचा फायदाही असतो, तो सांगितला नाही तर माझं उत्तर एकतर्फी होईल. इमारत नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, असेल आणि नियमांप्रमाणे दुरुस्ती केली, तर त्या खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करात सवलत मिळते, पाच वर्षांत विभागून. कॅलिफोर्नियात १९७२ पासून मिल्स ॲक्ट आहे : गावाशी किमान दहा वर्षांचा करार करायचा, इमारत नीट राखायची, बदल्यात मालमत्ता कर बराच उतरतो. पण प्रत्येक गाव हे करार करत नाही. तिथल्या नियोजन कार्यालयात फोन करून विचारायचं, ब्रोकरला नाही.

प्रश्न : आम्ही पाम स्प्रिंग्जला लेकीकडे गेलो असताना एक छोटं, देखणं हॉटेल विक्रीला दिसलं. शेजारच्या तशाच हॉटेलापेक्षा किंमत जवळपास निम्मी. जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरांत 'लीज लँड' होतं. हे आपल्या मुंबईच्या ९९ वर्षांच्या पट्ट्यासारखंच का?
एक वाचक, दादर

उत्तर : भाऊ, बारीक अक्षरं वाचलीत, अर्धं काम झालं.

हो, साधारण तसंच, पण जमीनमालक कलेक्टर नाही. पाम स्प्रिंग्जचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारनं एक-एक चौरस मैलाचे चौकोन आखले, एकाआड एक चौकोन रेल्वे कंपनीला दिला आणि मधले आग्वा कालिएंते या तिथल्या आदिवासी जमातीच्या वाट्याला ठेवले. काहुइया लोक ते, गावातल्या गरम झऱ्याचे मूळ धनी. आज त्यांची राखीव जमीन सुमारे ३२,००० एकर आहे आणि तिचा मोठा तुकडा भर गावात आहे. १९५९ मध्ये कायदा बदलला आणि त्यांना ९९ वर्षांपर्यंत पट्टा द्यायची मुभा मिळाली. तोवर पट्टे इतके अल्प मुदतीचे असत की कोणी पक्कं बांधकाम करायला धजत नसे.

म्हणून एकाच रस्त्याच्या या बाजूला मालकीची जमीन आणि त्या बाजूला पट्ट्याची. तुम्ही घेणार ती इमारत आणि उरलेली वर्षं. पट्टा कधी संपतो, भाडं दर किती वर्षांनी आणि कशावर वाढतं, संपल्यावर इमारत कोणाची, हे तीन प्रश्न. पट्ट्याची २२ वर्षं उरली असतील तर बँक तीस वर्षांचं कर्ज देणार नाही, हे उघड आहे. निम्मी किंमत त्यामुळे. पट्टा लांब असेल आणि भाडं ठरलेलं असेल तर सौदा वाईट नसतो. माझ्या ओळखीतली दोन कुटुंबं पट्ट्याच्या जमिनीवर सुखानं नांदताहेत.

आणि पाणी इथेही येतंच. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं या जमातीचा भूजलावरचा हक्क मान्य केला. पाम स्प्रिंग्जमधल्या पाण्याचा पुढचा हिशेब त्यांना वगळून होणार नाही.

प्रश्न : काकू, मी कोथरूडचा, वय ४१, आयटीत आहे. असं एखादं इन घेतलं तर त्यावर अमेरिकेचा व्हिसा मिळतो असं एका एजंटनं सांगितलं. पैसे इथून कायदेशीर पाठवता येतील का?

उत्तर : एजंटला विचार, कोणता व्हिसा? तो 'ई-टू' म्हणाला तर चहा संपव आणि ऊठ. तो ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्या नागरिकांनाच मिळतो, आणि भारताशी तो करार नाही. 'ईबी-फाइव्ह' म्हणाला तर २०२२ पासून किमान १०,५०,००० डॉलर, आणि ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८,००,०००. शिवाय दहा पूर्ण वेळ नोकऱ्या निर्माण झाल्या पाहिजेत. अकरा खोल्यांच्या इनमध्ये दहा माणसं ठेवलीस तर प्रत्येकाला जवळजवळ एकेक खोली झाडायला येईल.

पैशांचं : रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर अडकतो. स्वतःच्या नावावर घर घेणं वेगळं आणि तिथल्या कंपनीत भांडवल घालून धंदा करणं वेगळं, दोन्हींचे नियम निराळे, तेव्हा आधी सीएकडे जा. आणि पुढे कधी विकलंस, तर परदेशी विक्रेता म्हणून खरेदीदार तुझ्या विक्रीच्या पूर्ण रकमेतून १५ टक्के कापून सरकारात भरेल. नफ्यावर नव्हे हं, पूर्ण रकमेवर. जास्तीचे नंतर परत मागायचे.

प्रश्न : पणजीत फोंताइन्हासला आमच्या जुन्या घरात चार खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. पाहुणे म्हणतात, कोणी मोठा माणूस येऊन गेला असता तर तुमचं नशीब उघडलं असतं. मला प्रश्न पडतो, ज्यांच्याकडे मोठी माणसं येऊन गेली त्यांचं पुढे काय झालं?

उत्तर : बहुतेकांचं पाडकाम झालं.

पाम स्प्रिंग्जचं डेझर्ट इन घ्या. नेली कॉफमन नावाच्या बाईनं १९०९ मध्ये ते सुरू केलं, सोबत डॉक्टर नवरा. आधी छातीच्या रोग्यांसाठी हवापालटाची जागा होती, एक घर आणि काही तंबू. पुढे तिनं ठरवलं की रोगी आणि प्रवासी एकत्र नांदत नाहीत, आणि प्रवासी निवडले. दोन मुलांना हाताशी घेऊन तिनं ते इतकं वाढवलं की छोटी शर्ली टेंपल तिथे सुट्टीला येऊ लागली. गाव तिला मदर कॉफमन म्हणायचं. १९५० मध्ये ती गेली. १९५५ मध्ये मुलांनी ते विकलं आणि घेतलं कोणी, तर मॅरियन डेव्हिसनं, खुद्द एका नटीनं! म्हणजे याहून मोठं सिनेमाशी नातं कुठल्या हॉटेलाला मिळणार? १९६१ मध्ये ती वारली आणि त्या दशकाच्या शेवटाआधीच इमारत पाडून मॉल उभा राहिला. आता तर तो मॉलही पाडलाय.

त्याच नावाचं लास व्हेगासचं डेझर्ट इन वेगळं. १९५० मध्ये उघडलं, पुढच्याच वर्षी फ्रँक सिनात्रा व्हेगासमध्ये पहिल्यांदा गायला तो तिथे. १९६६ च्या नोव्हेंबरात अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज वरचे दोन मजले घेऊन राहिला आणि खोलीबाहेर पडेना. नववर्षाला जुगारात मोठ्या रकमा लावणारी गिऱ्हाइकं यायची, त्यांना ते मजले हवे होते, म्हणून व्यवस्थापनानं त्याला जागा सोडायला सांगितलं. त्यानं १९६७ मध्ये हॉटेलच विकत घेतलं. पाहुणा हलेना म्हणून तुम्ही किती वैतागला असाल, पण असा पाहुणा तुम्हाला भेटला नसेल. २००० साली कॅसिनोवाल्या स्टीव्ह विननं ते २७ कोटी डॉलरला घेतलं, काही महिन्यांत बंद केलं आणि पुढे सुरुंग लावून पाडलं. सिनात्राची पाटी त्याला नको होती. त्याला जमीन हवी होती, आणि जमिनीखालचे पाण्याचे हक्क सौद्यात आले ते त्यानं तिथे उभ्या केलेल्या नव्या हॉटेलाच्या तळ्याला आणि गोल्फच्या हिरवळीला उपयोगी पडले.

टिकलेलंही एक सांगते. ला किंटा, १९२६ सालचं. दिग्दर्शक फ्रँक काप्रा तिथल्या कॉटेजमध्ये बसून पटकथा लिहायचा. १९८२ मध्ये आजूबाजूच्या वस्तीचं शहर झालं तेव्हा शहरानं हॉटेलाचंच नाव घेतलं. पण आज ते शेकडो खोल्यांचं रिसॉर्ट आहे. काप्राला ओळखू आलं असतं की नाही, शंका आहे.

तुमच्या चार खोल्या, समोरची फरशी आणि सकाळचा नाश्ता तुमच्या हातचा आहे ना? मग मोठ्या माणसाची वाट बघू नका. आला तर मात्र वहीत सही आणि तारीख घेऊन ठेवा.

प्रश्न : मी कोल्हापुरात नृत्याचा क्लास घेते. डेथ व्हॅलीजवळ एका नर्तकीनं ओसाड हॉटेलात नाट्यगृह केलं असं ऐकलं. ते विकत मिळतं का? (हसू नका.) आणि डिसेंबरात भावाकडे लॉस एंजेलिसला येणार आहे, यातलं काय बघू?

उत्तर : हसत नाही. ते विकायला नाही. आमार्गोसा ऑपेरा हाउस आणि हॉटेल, डेथ व्हॅली जंक्शनला. टाकणखाराच्या खाणवाल्या कंपनीनं १९२० च्या दशकात बांधलेली वसाहत, खाण गेली तशी ओस पडलेली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कची नर्तकी मार्टा बेकेट तिथून जात असताना गाडीमागच्या ट्रेलरचं चाक पंक्चर झालं. दुरुस्ती होईपर्यंत ती इमारतीभोवती हिंडली, दाराच्या भोकातून रिकामं सभागृह बघितलं आणि महिना ४५ डॉलर भाड्यानं घेतलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पहिला प्रयोग. वाळवंटात प्रेक्षक कुठून येणार? मग तिनं भिंतींवर प्रेक्षक रंगवले. राजा-राणी, सरदार, साध्वी, सज्जे भरभरून. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती नाचायची. ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंचावर होती, २०१७ मध्ये ९२ व्या वर्षी गेली. जागा आता एक ना-नफा संस्था सांभाळते. जाण्याआधी फोन करून विचारा, आणि भिंती बघायला मिळाल्या तर तुमच्या क्लासच्या मुलींसाठी खूप फोटो काढा.

निप्टनला जायचं तर लॉस एंजेलिसहून व्हेगासच्या रस्त्यानं, नेवाडाची हद्द यायच्या आधी उजवीकडे वळायचं आणि सरळ रस्त्यानं सोळा किलोमीटर. तसंच पुढे गेलात तर हद्दीपलीकडे जोशुआच्या झाडांच्या रानात वॉकिंग बॉक्स रँच लागते. क्लारा बोनं सिनेमा सोडून नवरा रेक्स बेलबरोबर तिथे संसार मांडला. निप्टनला ती खरंच येत असणार असं मला वाटतं ते याच कारणानं. तिचं घर तिथून जवळ होतं, मधुचंद्राची गोष्ट रचायची गरजच नव्हती.

आम्ही दोघं तिथे १९९६ च्या डिसेंबरात राहिलो. मातीच्या भिंती, पुढे लांब ओसरी, न्हाणीघर समाईक. अंधार इतका की ह्यांनी आकाश बघता बघता ओसरीची पायरी चुकवली. मी रात्रपाळीची सवयीची, मला झोप कुठली. रूळ हॉटेलाच्या अगदी समोर आहेत आणि मालगाड्या रात्रभर जातात. दोन वाजता, माझ्या गल्ला बंद करायच्या वेळेला, एक आली. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत कडेपर्यंत सरकला, तो धरला आणि डबे मोजले. एकशे सात.